रापणीचा व्हिडिओ आधी कुणाला दाखवू?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मी वेंगुर्ला तालुक्यातली, वय २६. मुंबईत आर्टचं शिक्षण झालं, आता घरीच आहे, आणि गावच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढत मोठं जाळं आत घेतात त्या मासेमारीवर, एक व्हिडिओ केलाय. तीन स्क्रीन शेजारी शेजारी, १८ मिनिटं. डावीकडे समुद्र, मध्ये दोर ओढणारे हात, उजवीकडे आई आणि वाडीतल्या बायका मासे निवडतायत. बोलणं नाही, म्युझिक नाही, फक्त पाण्याचा नि दोराचा आवाज. मुंबईच्या एका गॅलरीला आवडलंय, ते म्हणतात पाचची एडिशन करू, म्हणजे पाचच प्रती विकू, पण ऑनलाईन टाकायचं नाही आणि आमच्याआधी कुठे दाखवायचंही नाही. मित्र म्हणतात यूट्यूबवर टाक, रील्स काप, नाहीतर बघणार कोण. आणि गावात रोज कोणीतरी विचारतं, 'काय गो, तुझो पिच्चर कधी दाखवतलंस?' मला भीती वाटते लोक कंटाळतील, हसतील. शूटमधले एक काका आता हयात नाहीत. माझ्याकडे प्रोजेक्टरपण नाही. काय करू? — रापणीवरची"

अगं रापणीवरची,

आधी गावात दाखव. गॅलरीच्या आधी, यूट्यूबच्या आधी, कुठल्याही फेस्टिवलचा फॉर्म भरायच्या आधी. बाकी जे काय लिहिणारे ते हे कसं करायचं आणि गॅलरीशी वाकडं न होता कसं करायचं याबद्दल आहे, पण हे एवढं आधी सांगून टाकते कारण तुझं पत्र वाचताना मला दिसलं की तू तिन्ही बाजूंना सारखंच वजन देतेयस, गॅलरी, मित्र, गाव, आणि ते तसं नाहीये. ज्यांचे हात मधल्या स्क्रीनवर आहेत त्यांचा नंबर पहिला. ते लोक रोज विचारतायत म्हणजे वाट बघतायत गं, आणि आपल्या कामाची अशी वाट बघणारं कोणी असणं हे मुंबईतल्या भल्याभल्या आर्टिस्टना मिळत नाही.

भीतीचं आधी बोलू. १८ मिनिटं काही घडत नाही म्हणून कंटाळतील असं तुला वाटतं. पण तुझ्या गावातली हीच माणसं जत्रेत रात्रभर दशावतार बघतात ना, थंडीत शाल गुंडाळून, पहाटेपर्यंत, आणि त्यात संकासुर नुसता इकडून तिकडे फिरतो तरी कुणी उठून जात नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आहे, एकेक चित्र पुढे धरायचं आणि त्यावर गोष्ट गायची, एक चित्र कितीतरी वेळ तसंच समोर. हलत्या चित्राच्या खूप आधीपासून कोकणातल्या माणसाला एका चित्रासमोर बसून राहायची सवय आहे. कंटाळा स्लो असण्याने येत नाही, आपला काही संबंध नाही असं वाटलं की येतो, आणि इथे तर सगळा संबंधच आहे.

हसतील मात्र नक्की. आपलीच आतेबहीण स्क्रीनवर दिसली की माणूस हसतोच, "बघ बघ कशी उभी रवली हा" असं होणारच. त्या हसण्याला घाबरू नकोस. आणि बोलतील, सगळी १८ मिनिटं बोलतील. ती होडी कुणाची, हे कुठल्या वर्षीचं, तेव्हा किती बांगडा लागला होता, "ह्यां आमचां जाळां न्हंय". गॅलरीत लोक गप्प उभे राहून दोन मिनिटांत पुढे सरकतात, हे तू पण बघितलं असशील, तीन मिनिटांच्या वर एका व्हिडिओसमोर थांबणारा माणूस तिथे कमीच. गावात लोक बोलत बोलत शेवटपर्यंत बसतील. त्यांना गप्प करू नकोस आणि आधी उभं राहून व्हिडिओ आर्ट म्हणजे काय हे तर अजिबात समजावू नकोस. नाव सांग, किती वेळाचं आहे ते सांग, कोणी कोणी मदत केली त्यांची नावं घे आणि लाईट बंद कर. १९६९ मध्ये गेरी शूम नावाच्या माणसाने जर्मन टीव्हीवर लँड आर्टवाल्यांची, म्हणजे उघड्यावर जमिनीतच काम करणाऱ्या आर्टिस्टची, कामं थेट लोकांच्या घरात दाखवली होती आणि त्या कामांवर कॉमेंट्री घालायला तो तयार नव्हता. मला ते पटतं. समजावून सांगणारा आवाज आला की माणूस बघायचं सोडून ऐकायला लागतो.

आता काका. सगळ्या गावासमोर त्यांच्या घरच्यांना ते अचानक स्क्रीनवर दिसायला नकोत. आधी त्यांच्या घरी जा, लॅपटॉप घेऊन जा, जो भाग आहे तो दाखव, आणि विचार की हे ठेवू का. "ठेव" म्हणाले तर ठीकच. "नको" म्हणाले तर तो भाग काढ, एडिट कितीही बिघडलं तरी काढ. शूटिंगच्या वेळी त्यांनी हो म्हटलं असेल पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तसंच बाकी ज्यांचे चेहरे अगदी जवळून आहेत त्यांना पण एकदा आधी दाखव, विशेषतः बायकांना. तुझ्या आईपासून सुरुवात कर. मासे निवडताना पदर कसा होता, केस कसे होते याचं त्यांना वाटू शकतं, आणि ते वाटणं खरं आहे, त्यात आपण आर्टचं काही सांगायला जायचं नाही.

प्रोजेक्टर नाहीये ना, बरं झालं. खरंच. तीन स्क्रीनचं काम आहे आणि तीन प्रोजेक्टर भाड्याने आणायचे म्हणजे सावंतवाडी नाहीतर कुडाळहून आणा, स्टँड बनवा, तिन्हीचा रंग वेगळा येणार, अंधार पडेपर्यंत काही दिसणार नाही, आणि पडदा म्हणून चादर बांधलीस तर खारं वारं ती शिडासारखी फुगवणार आणि समुद्र सगळा वाकडातिकडा. त्यापेक्षा वाडीतले तीन टीव्ही माग. प्रत्येक घरात भिंतीवर एक टीव्ही आहेच. तिघांचे टीव्ही एका पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात एका रांगेत टेबलांवर ठेवायचे, खाली साधं काळं कापड, बस. व्हिडिओ आर्टची सुरुवात टीव्हीच्या डब्यांनीच झालीय, नाम जून पाईक या आर्टिस्टने १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपरटालमध्ये एका बंगल्यातल्या गॅलरीत टीव्ही सेट मांडून त्यांची चित्रं बिघडवून दाखवली होती, जमिनीवर, कुठेही ठेवलेले सेट. त्यामुळे टीव्हीवर दाखवलं म्हणजे कमी दर्जाचं असं मनात आणू नकोस.

मी हे टीव्हीचं खूप वेळा केलंय म्हणून बारीक बारीक सांगते, कारण नेमकं याच्यातच संध्याकाळ वाया जाते. तीन फाईल वेगळ्या काढ, एमपीफोर, एच २६४, फुल एचडी, साधारण १० एमबीपीएस ठेव, म्हणजे १८ मिनिटांची एक फाईल सव्वा ते दीड जीबीच्या आसपास बसते. हे का, तर बरेच टीव्ही फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, आणि हे आपल्याला कळतं ते लोक येऊन बसल्यावर. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला २० सेकंद काळं ठेव आणि त्यात ५, ४, ३, २, १ असे मोठे आकडे टाक. मग तीन रिमोट तीन पोरांच्या हातात द्यायचे आणि एक दोन तीन म्हणून एकदम प्ले. आकडे मागेपुढे दिसले तर थांबवून परत. पोरं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात. फक्त टीव्ही एकाच कंपनीचे असतील तर बघ हं, एकाच रिमोटने तिन्ही चालू होतात, ते तुझ्या फायद्याचंच आहे, पण मग दुसरे दोन रिमोट खिशात ठेव, नाहीतर कोणीतरी मध्येच दाबणार. अर्ध्या-एक सेकंदाचा फरक पडेल तिन्हीत, पडू दे. तुझ्या कामात दोराचा ताण आणि लाट एका फ्रेमवर जुळायलाच हवी असं असेल तर मात्र हे चालणार नाही, मग तिन्ही चित्रं शेजारी शेजारी बसवून एकच फाईल कर आणि एका मोठ्या टीव्हीवर दाखव, चित्रं लहान होतील पण जुळतील. आणि कोणी सांगितलं की एचडीएमआय स्प्लिटर आण म्हणजे झालं, तर ऐकू नकोस, स्प्लिटर एकच चित्र तिन्हीकडे पाठवतो.

अजून एक, टीव्ही आणले की पहिल्यांदा पिक्चर सेटिंगमध्ये जा. घरोघरी ते व्हिव्हिड नाहीतर डायनॅमिकवर असतं, त्यात तुझा पहाटेचा करडा समुद्र निळाशार होतो, पोस्टरसारखा. तिन्ही टीव्ही सिनेमा किंवा स्टँडर्डवर आण आणि ते मोशन स्मूथिंगवालं जे काय नाव असेल ते बंद कर, त्याने सगळं सीरियलसारखं गुळगुळीत दिसतं. घरी परत देताना पहिल्यासारखं करून दे, त्यांना त्यांची सीरियल तशीच आवडते.

आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष दे, तुझ्या व्हिडिओत बोलणं नाही म्हटल्यावर तर आवाज हेच अर्धं काम. टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला तोंड करून असतात, वीस माणसं बसली की पाण्याचा आवाज नुसता खरखर. मधल्या टीव्हीच्या हेडफोनच्या जागेतून वायर काढून भजनाच्या साऊंडवाल्याकडचे दोन स्पीकर लाव, तिन्हीचा आवाज एकाच फाईलमध्ये मिक्स करून ठेव आणि बाकीचे दोन टीव्ही म्यूट. किनाऱ्यावर मात्र दाखवू नकोस. तुला मोह होणार, मला माहितीय, रापणीचा व्हिडिओ रापणीच्या वेळेवर रापणीच्या जागी. पण खऱ्या समुद्राच्या आवाजापुढे तुझा रेकॉर्ड केलेला समुद्र ऐकूच येणार नाही आणि समोर खरं पाणी असताना माणूस टीव्हीकडे बघत नाही. वाडीत आत ये, पडवी, खळं, सभामंडप, जिथे पंचवीस-तीस माणसं खाली बसतील आणि मागे चार खुर्च्या म्हाताऱ्यांना.

कधी, हे पण विचार करून ठरव. जत्रेला नको. दशावतार सुरू व्हायच्या आधी तासभर लोक बसलेले असतात म्हणून कोणीतरी सुचवेलच, पण ती गर्दी दुसऱ्या कशाची तरी वाट बघत असते आणि तुझं काम मग मधल्या वेळातलं होतं. गणपतीत चाकरमानी असतात, त्यांना दाखवायला मजा आहे, पण रोज संध्याकाळी घरोघर भजनं. गणपतीचाच आग्रह असेल तर विसर्जनानंतरचा एखादा दिवस, लोक परतीच्या गाडीला बसायच्या आधी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, माणसं घरात असतात पण पाऊस, आणि लाईटचा भरवसा नाही. माझ्या मते मे महिन्याची सुरुवात किंवा दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झाल्यावरचा एखादा साधा रविवार, साडेसातला. रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही हा नियम आहेच, तो तुला नडणार नाही, कारण १८ मिनिटांचं काम तू सलग दोनदा दाखवायचंयस. हे नक्की कर. पहिल्यांदा लोक स्वतःला शोधतात. मध्ये चहा. दुसऱ्यांदा व्हिडिओ बघतात.

आणि चहाच्या वेळी जे बोलणं होईल ते रेकॉर्ड कर, विचारून, फोन मध्ये ठेवून. का ते पुढे सांगते.

आता गॅलरी. गॅलरीवाले तुला फसवतायत असं तुझ्या मित्रांना वाटतंय, तसं काही नाहीये, एडिशन ही व्हिडिओ आर्टमधली नेहमीची पद्धत आहे. फाईल कितीही वेळा कॉपी होते, मग विकायचं काय, तर ठरवायचं की याच्या पाचच प्रती, प्रत्येकीसोबत सही केलेलं सर्टिफिकेट, वर आर्टिस्टच्या स्वतःच्या एक-दोन प्रती. ख्रिश्चन मार्कले या आर्टिस्टचं 'द क्लॉक' नावाचं २०१० चं काम आहे, चोवीस तास चालतं, सिनेमा-टीव्हीतल्या घड्याळांच्या तुकड्यांतून बनवलेलं आणि खऱ्या वेळेशी जुळवलेलं, त्याच्या सहाच प्रती आहेत आणि ते बघायला लोक म्युझियमबाहेर रांगा लावतात. हा एक रस्ता. दुसरा रस्ता पण तेवढाच जुना. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइजने स्वतःची गॅलरी बंद करून १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स सुरू केलं, आर्टिस्टच्या टेप कॉलेजांना, म्युझियमना भाड्याने मिळाव्यात म्हणून, आणि ते अजून चालू आहे. दोन्ही रस्त्यांवर चांगली माणसं आहेत. तुला पैशाची गरज आहे, घरी बसून तू पुढचं काम कशावर करणार, त्यामुळे एडिशन कर, मी नको म्हणणार नाही. पण सही करायच्या आधी काही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे गाव. गॅलरीला लिही की व्हिडिओत असलेल्या लोकांसाठी त्यांच्या गावात मी हे दाखवणार आहे, आत्ता आणि पुढेही कधीही, विनातिकीट, आणि याला तुमचा पहिला शो मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा पण हे होणार. बहुतेक हो म्हणतील, समजूतदार गॅलरीला यात उलट बरंच वाटतं. ओडिशातल्या जमिनी नि खाणींच्या प्रश्नावर फिल्ममेकर अमर कंवर यांनी 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' केलं, ते परदेशात मोठमोठ्या ठिकाणी गेलं, पण २०१२ मध्ये भुवनेश्वरमध्ये समदृष्टी या तिथल्या माध्यमसंस्थेच्या जागेत ते मांडलं गेलं, जिथले लोक त्या कामात आहेत त्यांना येऊन बघता यावं असं. त्याने त्या कामाची किंमत कमी झाली नाही. आर्टिस्ट नलिनी मलानी यांचं 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' १९९८ चं, पत्र्याच्या ट्रंकांमध्ये मॉनिटर ठेवलेले, ते मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लागलं होतं, तिकीट काढून मूर्ती नि पेंढा भरलेले प्राणी बघायला आलेली कुटुंबं, शाळेची पोरं, सगळी त्या ट्रंकांपुढे यायची. म्हणजे हे जे आपल्याला वाटत असतं की व्हिडिओ आर्ट साध्या माणसाला कळत नाही, ते मांडणाऱ्यांनी तयार केलेलं आहे.

दुसरी गोष्ट कॉपीराईट. एडिशन विकली म्हणजे प्रत विकली, हक्क नाही. आपल्या कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. तू स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कॅमेऱ्याने केलंयस, हक्क तुझे आहेत. त्यामुळे करारात "सर्व हक्क", "कायमचे", "जगभर" असं काही दिसलं तर तिथे थांब आणि विचार, हे कशासाठी हवंय.

तिसरी गोष्ट तुला आवडेल की नाही माहीत नाही पण मी स्पष्ट लिहिते. विकलं गेलं तर रापण संघाचा, म्हणजे मिळून रापण ओढणाऱ्या तुमच्या मंडळींचा, वाटा किती? रापणीला हात लावला की वाटा मिळतो, दोर ओढायला आलेलं शाळकरी पोर पण मूठभर तारल्या घेऊन घरी जातं, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या व्हिडिओतपण त्या सगळ्यांनी दोर ओढलाय. किती टक्के ते तू नि बाबा मिळून ठरवा, पण विकायच्या आधी ठरवा आणि संघाच्या बैठकीत सांगा, नंतर पैसे आल्यावर ठरवायला गेलं की भाऊबंदकी होते. जाळ्याच्या दुरुस्तीला जातील असं म्हटलंस तर कुणाला समजावावं लागणार नाही.

मित्रांचं काय? अख्खं काम यूट्यूबवर टाकू नकोस. फोनवर तीन स्क्रीन म्हणजे तीन पोस्टाची तिकिटं, आणि फोनच्या स्पीकरवर तुझा दोर ऐकू येणार नाही, म्हणजे जे तू केलंस ते तिथे पोचतच नाही. रील्स कापायच्या तर कामाचे तुकडे करून नाही, कामाची बातमी म्हणून, वीस सेकंद एकाच स्क्रीनचं, खाली गाव, तारीख, वेळ, या म्हणून. त्यात मागे कुणाच्या फोनवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर ते तुकडे टाळ, कंपन्यांची सिस्टिम गाणं ओळखून आवाज बंद करते. क्युरेटरला, फेस्टिवलला पाठवायला तिन्ही स्क्रीन एका फ्रेममध्ये घेऊन एक प्रिव्ह्यू कर आणि पासवर्डवाली लिंक दे, महिन्याभराने पासवर्ड बदल. पैसे भरून फेस्टिवलांचे फॉर्म भरत सुटू नकोस, डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी हा आर्ट फेस्टिवल असतो तो तुझ्यापासून दीड-दोन तासांवर, जा आणि जुन्या इमारतींमध्ये व्हिडिओ कसे लावलेत, वायरी कुठून नेल्यात, लोक कुठे बसतात ते बघून ये, फॉर्मच्या फीपेक्षा ते भाडं कामाला येईल.

पण ऑनलाईन मोकळेपणाने द्यायला तुझ्याकडे एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल तुला कोणी काही म्हटलेलं दिसत नाही. १८ मिनिटं वापरलीस, बाकीचं फुटेज? तासन् तास असणार. ते हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलं की संपलं. मुंबईच्या कॅम्प या आर्टिस्टांच्या गटाने आणि इतर काही जणांनी मिळून २००८ मध्ये पॅड.मा नावाचं ऑनलाईन आर्काइव्ह सुरू केलं, तिथे तयार फिल्मपेक्षा असं न वापरलेलं फुटेज जास्त ठेवतात आणि व्हिडिओच्या एकेका सेकंदापुढे मजकूर लिहिता येतो. चहाच्या वेळचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगितलं ते यासाठी. होडी कुणाची, हा वारा कुठला, जाळं टाकायची जागा कशी ठरवतात, हे सगळं लोकांच्या तोंडचं, मालवणीतच, त्या त्या जागी लिहून ठेव. हे केलंस तर विकायचं काम वेगळं आणि सगळ्यांचं फुटेज वेगळं असं होतं, गॅलरीलापण हरकत घ्यायला जागा राहत नाही. फक्त हे फुटेज करारातून बाहेर आहे असं आधीच लिहून घे. आणि इथेही चेहऱ्यांची परवानगी परत विचार, एका संध्याकाळी गावात दिसणं वेगळं आणि कायम इंटरनेटवर असणं वेगळं.

त्याच कॅम्पचं एक काम तू शोधून बघच, 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ', २०१३ चं, ८३ मिनिटांचं. कच्छच्या आखातातून आखाती देशांकडे जाणाऱ्या लाकडी जहाजांवरच्या खलाशांनी स्वतःच्या फोनवर काढलेल्या व्हिडिओंतून केलंय, त्यांनीच लावलेल्या गाण्यांसकट. ते बघितल्यावर तुला वाटेल की आपल्याकडच्या तांडेलांच्या, खलाशांच्या फोनमध्ये काय काय असेल. आणि कॅम्पमधल्याच शायना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये घराघरांतले, दुकानांतले टीव्ही कॅमेरा-माईक लावून केबलने जोडले होते, शेजारचे लोक टीव्हीवरून एकमेकांशी बोलायचे. तुझ्या तीन मागून आणलेल्या टीव्हींचं घराणं ते आहे, असं मी मानते.

हार्ड डिस्कचं राहिलं. कोकणातल्या पावसाळ्यात काही टिकत नाही, लेन्सला बुरशी, पोर्टना गंज. फुटेजच्या दोन कॉपी कर, एक घरात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आणि दुसरी मुंबईला कुणा विश्वासातल्या माणसाकडे. दिवाळीत आणि शिमग्याला दोन्ही एकदा चालू करून बघ.

गॅलरीला मेल या आठवड्यातच टाक, फोनवर बोलू नकोस कारण फोनवर तू नाही म्हणू शकणार नाहीस, तुझ्या पत्रावरून तसं वाटलं. लांबलचक नको, चार ओळी. एडिशनला मी तयार आहे. गावातलं स्क्रीनिंग मी करणार आहे, तारीख ही. न वापरलेलं फुटेज आणि गावात दाखवायचा हक्क माझ्याकडे राहील, विक्रीतला रापण संघाचा वाटा माझ्या हिश्श्यातून जाईल. कराराचा मसुदा पाठवा, मी वाचून आठ दिवसांत कळवते. ते मसुदा पाठवतील, त्यातला एखादा परिच्छेद कळला नाही तर गॅलरीचं नाव झाकून तेवढाच टाईप करून मला पाठव, आणि टीव्ही कुठल्या कंपनीचे मिळाले तेपण कळव, त्यांचं यूएसबीवर रिपीट कसं लावायचं ते सांगते.

— तुझी ताई